वेळ असतो तुम्हाला

स्टॉलवरची आमिश बाई वाईट काहीच बोलली नाही, हे आधी लिहून ठेवते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं लँकेस्टर, जुन्या पद्धतीने जगणाऱ्या आमिश ख्रिस्ती लोकांचा भाग; तिथल्या रस्त्याकडेचा नेहमीचा स्टॉल. चाउ-चाउची, म्हणजे भाज्यांच्या लोणच्याची, बरणी कागदात गुंडाळता गुंडाळता तिने मान पुढे काढून माझ्या फोनवरचा फोटो पाहिला. मी केलेलं मातीचं अख्खं आमिश कुटुंब: आजी मटार सोलतेय, आजोबा घोड्याचा पट्टा शिवतायत, पोरं अनवाणी. म्हणाली, "बराच वेळ असतो तुम्हाला." बस्स.

टोमणा होता का? तसा सूर तर नव्हता. पण वेळ असतो म्हणजे काय? बायकांच्या पांढऱ्या टोपीचा मागचा भाग इथे पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा असतो. इतकी पातळ माती तडकते, म्हणून प्लास्टिकखाली दिवसचे दिवस वाळवली. दाढीसाठी माती चाळणीतून दाबून काढली. लग्न झालं की दाढी राखायची, मिशी मात्र नाही. मिशीशिवाय दाढी करताना मराठी हात अडखळतोच.

चेहरे कोरे ठेवलेत. त्यांच्या बाहुल्यांनाही बहुधा नाक-डोळे नसतात. कोरीव प्रतिमा करू नये, ही बायबलातली आज्ञा. फोटोसाठी उभं राहणंही टाळतात. म्हणजे आगाऊपणा मी आधीच केलाय. त्यावरून बोलली असती, तर उत्तर तयार होतं. ती बोलली वेळेवरून.

आणि वेळ आहेच. घर चारपर्यंत रिकामं. कामाच्या परवान्याचं तर... जाऊ दे.

मंडळात शाडूचे गणपती करताना एकीने विचारलं होतं, ही दाढीवाली माणसं कशाला गं? तेव्हा मी मोठं व्याख्यान दिलं. शेत मुलाच्या हाती सोपवलं की म्हातारा-म्हातारी लागूनच्या छोट्या घरात जातात, त्याला डॉडी हाउस म्हणतात, एका अंगणात तीन पिढ्या, वगैरे. खरं कारण हेवा. लिहिलं एकदाचं.

रात्री भांडी घासताना मात्र हसू फुटलं. तिच्या पाठीमागे विकायला रजई टांगलेली होती, हातशिलाईची, तांदळाएवढे टाके. ते काय आपोआप पडले? विचारायला हवं होतं बाईला.

पुढचं शिल्प सोमवारच्या धुण्याचं. घरापासून कोठारापर्यंत कप्पीवर सरकणारी दोरी, निळे-जांभळे झगे, काळ्या विजारी. मातीची दोरी टिकणार नाही. भट्टीतून निघाल्यावर तार ओवावी लागेल. झगे वाऱ्याने फुगलेले हवेत, म्हणजे आतून पोकळ. चिमटे किती करायचे, तेवढं ठरत नाहीये.