गरम लाइनला घाम सुटला

दिंडोरी तालुक्यातील एका लहान वाइनरीत यंत्रांच्या देखभालीचे काम मी पाहतो. द्राक्षकाढणी जानेवारी ते मार्च या काळात चालते आणि नाशिकची थंडीही याच सुमारास भरात असते. त्यामुळे एकाच रात्री, एकाच शेडमध्ये पांढऱ्या वाइनच्या टाक्या 14-15 अंशांवर थंड ठेवायच्या आणि रेड वाइनच्या टाक्या, त्यांतील मॅलोलॅक्टिक किण्वन (वाइनचा आंबटपणा मवाळ करणारी प्रक्रिया) अडू नये म्हणून, 20 अंशांच्या आसपास उबदार ठेवायच्या, अशी दुहेरी कसरत असते. थंडाव्यासाठी चिलर होताच. उबेसाठी एलपीजीवर चालणारा हॉट वॉटर बॉयलर घेतला गेला आणि तो बसवून घेण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

पाणी 100 अंशांच्या खालीच तापणार असल्याने त्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या बॉयलर कायद्याच्या कक्षेत आमचे यंत्र येत नव्हते. सरकारी कार्यालयाचे हेलपाटे वाचले म्हणून मला आधी बरे वाटले. तपासायला बाहेरचे कोणीच येणार नाही, हा त्याचा दुसरा अर्थ मात्र उशिरा ध्यानात आला.

बॉयलरसोबतच्या पुस्तिकेत पाणी गोठण्याबद्दल बरीच पाने होती आणि त्यांतच एक सूचना होती, की हीच पाइपलाइन थंडाव्यासाठीही वापरायची असेल तर थंड द्रव बॉयलरमध्ये शिरणार नाही अशा रीतीने दोन्ही यंत्रणा समांतर जोडून मध्ये योग्य व्हॉल्व्ह बसवावेत. बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी हे लिहिले असावे, असे समजून मी ती पाने उलटली. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला तरी आपल्याकडे त्याची बातमी होते. इथे पाइपात बर्फ कुठून येणार?

आमच्या टाक्यांभोवतीचे जॅकेट गरम आणि थंड या दोन्हींसाठी एकच आहे. त्यात 30 टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे पाणी सहजी गोठू न देणारे द्रव्य, मिसळलेले पाणी फिरते. खाद्यपदार्थांच्या कामात विषारी इथिलीन ग्लायकॉल चालत नाही. बॉयलरचे साधे पाणी वेगळे राहते आणि मधल्या प्लेट हीट एक्स्चेंजरच्या पातळ पत्र्यांमधून फक्त उष्णता पलीकडे जाते. ठेकेदाराने प्रत्येक टाकीला चार सुटे व्हॉल्व्ह दिले होते: गरम आवक, गरम परत, थंड आवक, थंड परत. कागदावर यात काही चूक दिसत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे आमचे फिटर अण्णा म्हणाले, "साहेब, गरम लाइनला घाम सुटलाय." हात लावला तर पाइप बर्फासारखा गार. रात्रपाळीत एका टाकीची थंड आवक आणि गरम परत असे दोन व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहिले होते. टाक्या तापल्यामुळे बॉयलर आणि त्याचा पंप बंद होता, आणि चिलरकडून उणे 4 अंशांचे ग्लायकॉल थेट एक्स्चेंजरमध्ये येत होते. हे मिश्रण साधारण उणे 13 अंशांपर्यंत गोठत नाही, पण पातळ पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला निश्चल उभे असलेले साधे पाणी गोठू शकते, आणि गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगते. पत्रे फाटले असते तर ग्लायकॉल बॉयलरमध्ये उतरले असते. बॉयलरकडच्या पाण्याचे तापमान 6 अंश निघाले, थोडक्यात निभावले. मी वगळलेली पाने त्या दिवशी दुपारी बसून वाचली.

सुटे व्हॉल्व्ह काढून आम्ही प्रत्येक टाकीला एकाच दांड्याने फिरणारी थ्री-वे व्हॉल्व्हची जोडी बसवली, म्हणजे आवक आणि परत नेहमी एकत्रच बदलतात. द्रव एकाच दिशेने जाऊ देणारे चेक व्हॉल्व्हही घातले, पण सीटवर कचरा अडकला तर तो गळतो, म्हणून केवळ त्यांच्यावर विसंबलो नाही. बॉयलर बंद असताना एक्स्चेंजरची ग्लायकॉलची बाजू मोटराइज्ड व्हॉल्व्हने बंद होते, आणि पाणी 5 अंशांवर उतरले तर बॉयलरचा पंप आपोआप सुरू होतो.

बर्नरखाली पाणी दिसले तेव्हा मी गळती शोधत दोन दिवस घालवले. गळती नव्हतीच. परतीचे पाणी साधारण 55 अंशांपेक्षा थंड आले की धुरातील वाफ आतच निवळते, आणि ते आम्लयुक्त पाणी आमच्यासारखा साधा, कंडेन्सिंग नसलेला (म्हणजे असे पाणी सोसण्यासाठी न बनवलेला) बॉयलर खाते. बॉयलर पुरता तापल्यावर थेंब थांबतात, यावरून ओळख पटली. मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून परतीचे पाणी 60 अंशांवर ठेवले.

बॉयलरची खोली किण्वनाच्या शेडपासून अलग आहे. किण्वनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि एलपीजी हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतात. म्हणून झरोके खालीही ठेवले. शिवाय, अर्धवट ज्वलनातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडसाठी अलार्म लावला.

शेवटचा त्रास सेफ्टी व्हॉल्व्हचा, म्हणजे दाब वाढला की पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा होता, जो रोज संध्याकाळी ठिबकत असे. ठेकेदाराच्या माणसाने त्याला प्लग मारण्याचा सल्ला दिला. त्याला मी तिथूनच परत पाठवले. दोष एक्स्पान्शन टँकचा निघाला: त्यात हवाच जवळपास नव्हती, त्यामुळे तापून फुगलेल्या पाण्याला जागा उरत नव्हती. टँक वेगळा करून पाणी काढले, टायरमध्ये भरतात तशी 1 बार हवा भरली आणि लाइन पुन्हा भरून घेतली. त्या संध्याकाळी डिस्चार्ज पाइपखाली ठेवलेली बादली कोरडी राहिली.