मनूचं वय नक्की किती?

येत्या जूनला मनूला, माझ्या नातीला, पहिलीत घालायचं की अजून एक वर्ष मोठ्या शिशूत ठेवायचं, यावरून आमच्याकडे दिवाळीपासून खल चालू आहे. नियमाने ती बसते. पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत, आणि तिचा वाढदिवस नोव्हेंबरातला. जावई म्हणतात, "बसतेय ना वयात, मग वर्ष कशाला घालवायचं?" पण डॉक्टरांनी दिलेली तारीख होती जानेवारीअखेरची. वेळेवर जन्मली असती तर आपसूक पुढच्या वर्षीच्या मुलांत गेली असती. दहा आठवडे आधी आली म्हणून वर्षभर आधी शाळेला जुंपायचं, हा हिशेब मला पटत नाही. निफाड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी उभी हयात पहिली-दुसरीला शिकवलं, त्यामुळे या विषयात माझा आवाज जरा चढतोच.

लेक बाळंतपणाला नाशिकला, माझ्याकडे आली होती. डोहाळेजेवणाची हिरवी साडी आणून ठेवलेली, आणि तिचं बीपी असं चढलं की तिसाव्या आठवड्यात सिझर करावं लागलं. त्याआधी तिला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. मनू भरली सव्वा किलो. विहीणबाई मला धीर देत म्हणाल्या, "सातव्यातली आहे, जगेल. आठव्यातलं काही खरं नसतं." आपल्याकडे सर्रास म्हणतात हे, आणि साफ चूक आहे. पोटात एकेक आठवडा जास्त मिळाला की बाळाचा धोका कमीच होतो. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही सुरक्षित.

पाचवी पुजली ती बाळाविनाच. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नाकाला सीपॅप, म्हणजे दाबाने हवा देणारं यंत्र, नळीतून आईचं दूध, आणि झोपेत श्वास थांबू नये म्हणून रोज कॅफीन. कॉफीतलं तेच का, म्हणून मी सिस्टरला परत विचारलं. तेच.

वजनाने जरा धर धरल्यावर सिस्टरने कांगारू पद्धत शिकवली. बाळाच्या अंगावर लंगोट, टोपी, मोजे एवढंच, आणि आईच्या उघड्या छातीवर त्याला उभं बांधायचं. 1978 साली कोलंबियात, बोगोटाला, काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं. आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की जन्मल्यापासून दिवसाचे 8 ते 24 तास बाळाला असं ठेवा. लेकीचे टाके ठणकायचे तेव्हा जावई बसायचे, शर्टाची बटणं सोडून. विहीणबाईंनी काचेतून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. सिस्टरने मलाही एक खूण सांगितली होती: तळवे पोटाइतकेच गरम लागले पाहिजेत. पोट गरम आणि तळवे गार, तर बाळाला थंडी वाजतेय. डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत मी दुसरं काहीच करत नव्हते, नुसती तळव्यांना हात लावून बघायची.

खरा वाद झाला तो डोळ्यांवरून. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात, आणि बाहेर आल्यावर त्या कधी कधी वेड्यावाकड्या वाढून पडदाच ओढतात. वेळेत सापडलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते, उशीर झाला तर कायमचं अंधत्व. वरून डोळे अगदी टपोरे, छान दिसतात! म्हणून 34 आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आतल्या बाळाची तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत झालीच पाहिजे. मनूची पहिली दवाखान्यातच झाली, पण पुढची तारीख घरी आल्यावर लगेच होती. आणि घरी कायदा वेगळा: सव्वा महिना बाळ उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. विहीणबाई अडून बसल्या, बाहेर गारठा, दृष्ट लागेल. मी म्हटलं, "विहीणबाई, सव्वा महिना पुढे ढकलता येईल, ही तारीख नाही." रिक्षाला दोन्हीकडून चादर बांधून आम्ही गेलो. (काजळाचं बोट त्यांनी लावलंच, गालाला. डोळ्यात घालू दिलं नाही.)

पुढचं वर्षभर सगळी मारामारी तुलनेची. कॉलनीतल्या बायका विचारणार, आठ महिन्यांची झाली, अजून बसत नाही? अहो, तिचे अडीच महिने वजा करा, मग ती साडेपाचची आहे. लस मात्र जन्मतारखेनेच द्यायची, तिथे वजाबाकी नाही. बसणं, रांगणं, बोलणं हे दोन वर्षांपर्यंत ठरलेल्या तारखेपासून मोजायचं. दोन वर्षांनंतर डॉक्टर ही वजाबाकी सोडून देतात. शाळा तर ती कधी करतच नाही.

आणि नेमकं तिथेच लक्ष हवं. माझ्या वर्गात अशी मुलं होती, तेव्हा मला कळायचं नाही ती कोण आहेत, कारण जन्माच्या दाखल्यावर आठवड्यांचा रकाना नसतो. यातली बहुतेक साध्याच शाळेत शिकतात, चांगली शिकतात. पण गणित, लक्ष टिकवणं, हाताची बारीक कामं यांत अडखळण्याची शक्यता त्यांच्यात जास्त असते. दंगा करणारं मूल बाईंच्या नजरेत येतंच. हे मूल गप्प बसून खिडकीबाहेर बघत असतं आणि "जरा मंद आहे" असा शिक्का घेऊन वरच्या वर्गात जातं. मनूला शंभरापर्यंत घडाघडा म्हणता येतं. पण आठ आणि पाच किती, म्हटलं की आठ धरून ठेवता ठेवता पाच निसटतात. फ्रॉकचं बटण लावायला जीभ बाहेर काढून पुरा मिनिट घेते. यात आजार नाही काही. वेळ हवाय.

2013 मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची गाडी आमच्या शाळेत यायची, वजन-उंची, दात-डोळे बघून जायची. त्यातच वाढीतले उशीरही बघतात, अगदी अंगणवाडीपासून, आणि गरज पडली तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात, फुकट. खेड्यातल्या आयाबायांना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.

परवा जावई स्वतःच म्हणाले, "आई, मोठ्या शिशूचाच फॉर्म भरतो." मी जिंकले वगैरे काही नाही; त्यांनी तिला चपलेचा बंद लावताना बघितलं असावं.

लेक मात्र दवाखान्याची जुनी फाईल रद्दीत काढत होती. ती मी उचलली. दिवसांआधी जन्मलेल्यांचं बीपी मोठेपणी इतरांपेक्षा जास्त असण्याचा संभव असतो, दम्यासारख्या तक्रारीही निघतात, तेव्हा विसाव्या-तिसाव्या वर्षीही डॉक्टरला हे कळलेलं बरं. डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानाच्या दोन झेरॉक्स काढल्यात. एक मनूच्या टीचरना दिली, एक माझ्या गोदरेजच्या कपाटात आहे, तिच्या पत्रिकेच्या वर.