गेलेलं जनुक, उरलेली प्रत

"सर, जनुक गेलं म्हणजे शरीरात खोटच आली ना? मग उत्क्रांतीत जनुकं गमावूनही प्राणी टिकले कसे?"

पूर्व विदर्भात प्राणीशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला जवळजवळ दर वर्षी येतो. इथे तो नुसता परीक्षेचा प्रश्न नसतो. वर्गातल्या कुणाचा भाऊ, कुणाची मामेबहीण 'एसएस पॅटर्न'ची असते, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं जनुक आई-बाबा दोघांकडूनही आलेली. सिकलसेलच्या दुखण्यात रात्र-रात्र पाय चेपत बसलेली ही मुलं असतात. 'जनुक' हा शब्द त्यांनी पुस्तकाआधी दवाखान्यात ऐकलेला असतो, त्यामुळे त्यांच्या मनात त्याला 'खोट' हाच अर्थ चिकटलेला असतो. यंदा तुम्ही पुन्हा विचारलंत आणि तासाची घंटा झाली. तेव्हा अर्धवट राहिलेलं उत्तर लिहूनच देतो.

सुरुवात रक्तापासूनच करू. जनुकं वाढणं आणि जाणं, दोन्ही इतकं स्पष्ट दाखवणारं जनुकांचं दुसरं कुटुंब मला माहीत नाही. हे कुटुंब ग्लोबिनचं: रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा ग्लोबिन या प्रथिनांचं बनतं.

आधी जनुकाची प्रत वाढते कशी, ते पाहू. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र शेजारी-शेजारी येतात आणि आपसांत तुकडे बदलतात. एकसारखी दोन जनुकं लागोपाठ असली, की कधी कधी जुळणी घसरते: इकडचं पहिलं तिकडच्या दुसऱ्यासमोर येतं. मग अदलाबदल झाल्यावर एका गुणसूत्रात एक जनुक जास्त होतं आणि दुसऱ्यात एक कमी. हे फळ्यावर काढून दाखवलं की वर्ग शांत होतो. वाढ आणि घट या दोन वेगळ्या घटना असतात असं आपण धरून चालतो, पण इथे एकाच घसरण्यातून दोन्ही निघतात. आपल्या सोळाव्या गुणसूत्रावर अल्फा ग्लोबिनची अशी दोन जनुकं लागोपाठ आहेत. मलेरियाच्या प्रदेशांत कितीतरी लोकांच्या गुणसूत्रावर त्यातलं एकच उरलेलं असतं, आणि काही थोड्यांकडे तीन असतात. एक कमी असणाऱ्यांना मलेरियाच्या गंभीर आजारापासून काहीसं संरक्षण मिळतं. शिवाय सिकलसेलच्या रुग्णाकडे अल्फाची प्रत कमी असली, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटण्याचं प्रमाणही कमी राहतं. म्हणजे 'जनुक गेलं म्हणजे खोट' हे समीकरण आपल्याच रक्तात टिकत नाही.

जास्तीच्या प्रतीचं पुढे काय होतं? सुसुमु ओनो या अनुवंशशास्त्रज्ञाने १९७० मध्ये हा विचार ठामपणे मांडला. मूळ जनुकाला आपलं काम सोडता येत नाही, कारण त्यात मोठा बदल झाला तर प्राणीच मरतो. पण प्रत मोकळी असते. घरात शिवणाचं एकच मशीन असेल आणि त्यावर पोट चालत असेल, तर ते कुणी खोलून बघत नाही. दुसरं आलं की पोरं त्याचे स्क्रू काढतात. बहुतेक वेळा ते मशीन कायमचं बंद पडतं, आणि बहुतेक जास्तीच्या प्रतींचंही असंच होतं. आपल्या अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिनच्या रांगेतही अशी एक प्रत पडून आहे. तिच्यापासून प्रथिन बनत नाही.

पण कधीतरी त्या खोललेल्या मशीनमधून वेगळंच काही तयार होतं. चाळीस-पन्नास कोटी वर्षांपूर्वी, जबड्याच्या माशांच्या पूर्वजांमध्ये, एका ग्लोबिनच्या दोन प्रती झाल्या. एक अल्फाच्या वाटेने गेली, दुसरी बीटाच्या. दोन अल्फा आणि दोन बीटा मिळून चौघांचा रेणू झाला, तेच आपलं हिमोग्लोबिन. एकाने ऑक्सिजन पकडला की बाकीच्यांना पकडणं सोपं जातं. फुप्फुसात भराभर भरायचं आणि स्नायूंत भराभर सोडायचं, हे त्यामुळेच जमतं. एकट्याने राहणाऱ्या ग्लोबिनला हे साधत नाही.

पुढे बीटाच्याही प्रती होत गेल्या. आज आपल्याकडे त्या रांगेने उभ्या आहेत: पहिल्या काही आठवड्यांच्या भ्रूणासाठी एप्सिलॉन, मग गर्भासाठी दोन गॅमा, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. दोन्ही गॅमांत एका अमिनो आम्लाचाच फरक आहे. गॅमाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट धरतं. म्हणून वारेतून आईच्या रक्तातला ऑक्सिजन बाळाकडे ओढला जातो. आपण सगळे पोटात याच प्रतीवर श्वास घेत होतो. शेळीत आणि गाईतही गर्भाचं वेगळं हिमोग्लोबिन आहे, पण ते आपल्या गॅमातून आलेलं नाही. त्यांच्या वंशात बीटाचीच एक वेगळी प्रत या कामाला लागली. शेळीचं पिल्लू पाहिलं की मला हे दर वेळी आठवतं, आणि दर वेळी तितकाच आनंद होतो.

आता गमावण्याकडे येतो. वर्गात कुणालाही खरा न वाटणारा एक मासा आहे.

१९२७ मध्ये दक्षिण महासागरात, बूवे बेटाजवळ, डिटलेफ रुस्ताद या नॉर्वेच्या जीवशास्त्रज्ञाच्या हाती एक फिकट मासा लागला. कापला तर त्याचं रक्त पाण्यासारखं होतं. पुढे योहान रूड यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं की त्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही. या बर्फमाशांच्या बहुतेक जातींत बीटा ग्लोबिनचं जनुक पूर्ण गेलंय आणि अल्फाचा नुसता शेवटचा तुकडा उरलाय. त्यांचे जवळचे नातलग त्याच पाण्यात लाल रक्ताने जगतात, म्हणजे हे जनुक याच कुटुंबाने हरवलं.

तरी तो मेला नाही, कारण तिथलं पाणी शून्याच्या खाली, उणे दोन अंशांच्या आसपास असतं. थंड पाण्यात ऑक्सिजन खूप विरघळतो, आणि माशाचं शरीरही थंड असल्याने त्याला तो कमी लागतो. तरीही किंमत मोजावी लागली. त्याचं हृदय मोठं आहे, रक्तवाहिन्या रुंद आहेत आणि रक्त नातलग माशांपेक्षा कितीतरी जास्त आहे. ते सतत खेळवत ठेवायला बरीच ऊर्जा जाते. म्हणून हिमोग्लोबिन गमावून त्याचा फायदा झाला, असं मी शिकवत नाही. नुकसान झालं, पण त्या पाण्यात ते परवडलं, इतकंच मी म्हणतो. समुद्र तापू लागला तर तेच नुकसान परवडेनासं होईल, याची मला खरोखर काळजी वाटते.

याच माशाच्या घराण्याने वेगळं काही कमावलंही आहे. त्यांच्या रक्तात बर्फाचे स्फटिक वाढू न देणारं प्रथिन आहे. ते आलं पचनाच्या एका जनुकातून, ट्रिप्सिनोजेनमधून. त्या जनुकाचा एक चिमूटभर तुकडा पुन्हा-पुन्हा दुणावत गेला आणि तीन अमिनो आम्लांची लांबच लांब माळ झाली. २०२१ मध्ये वेडेल समुद्राच्या तळाशी बर्फमाशांच्या एका जातीची घरटी सापडली. संख्येचा अंदाज होता सुमारे सहा कोटी. बिनरंगी रक्ताचे मासे, आणि बहुतेक घरट्यांत अंडी.

जनुक जातं ते बहुतेक वेळा तेच काम दुसरीकडून होऊ लागल्यावर. आपल्या पूर्वजांना फळांतून क जीवनसत्त्व मिळत होतं, म्हणून ते बनवणारं जनुक मोडलं तरी चाललं. गिनिपिगमध्ये ते स्वतंत्रपणे मोडलं. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांना दूध मिळू लागलं आणि अंड्यातला पिवळा बलक बनवणारी जनुकं गळून गेली. त्यांचे अवशेष अजून तुमच्या-माझ्या पेशींत आहेत. प्लॅटिपस अंडीही घालतो आणि दूधही पाजतो, त्याच्याकडे त्यातलं एक अजून चालू आहे.

आता सिकलसेल. तिथे जनुक गेलेलं नसतं. बीटाचं एक अक्षर बदललेलं असतं, आणि ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून पेशी विळ्यासारखी वाकते. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं, की सिकलसेलची बाळं पहिले काही महिने ठीक असतात. कारण तेव्हा गॅमा चालू असतं. आपल्याकडच्या रुग्णांत मोठेपणीही हे गर्भाचं हिमोग्लोबिन आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सरासरीने जास्त आढळतं. तरी आपला त्रास सौम्य असतो, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी ती मुलं वर्गात पाहिली आहेत. हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल घेतल्या की गॅमा थोडं वाढतं. गॅमा बंद ठेवणारं एक जनुक आहे, बीसीएल-११-ए. रुग्णाच्या मज्जापेशी बाहेर काढून, त्या जनुकाला रक्तपेशींत चालू करणारा खटका कापून पेशी परत देण्याच्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मान्यता दिली. तिकडे त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे. गडचिरोलीच्या मुलीपर्यंत तो कधी पोचेल, हा प्रश्न मला या सगळ्या उत्क्रांतीपेक्षा जड वाटतो.

मागे एकदा हे वर्गात सांगून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी थांबली. तिचा पॅटर्न एसएस, हे तिनेच आधी सांगितलं होतं. तिने विचारलं, "सर, म्हणजे गॅमा माझ्याकडेही आहे?"

"आहे," मी म्हटलं. "एका गुणसूत्रावर दोन. आईकडच्या दोन, बाबांकडच्या दोन. चार."

तिने वहीत चार लिहिलं आणि त्याला गोल केला.