डागांची नोंद: व्हिटॅमिन सीला सुट्टी, अझेलेइकला बढती

हनुवटीवर पिंपलमागे राहिलेले तपकिरी डाग आता कडेने फिकट होऊ लागलेत. गालावरचे दोन जुने डाग मात्र तसूभरही हललेले नाहीत. फोटो नेहमीसारखे सकाळी, त्याच खिडकीशी, फिल्टर न लावता. (उजेड बदलला की डाग फोटोतून आपोआप 'जातात', त्यामुळे जाहिरातीतल्या 'आधी' आणि 'नंतर'वर माझा फारसा विश्वास नाही.)

सध्या रात्री एक आड एक अ‍ॅडापलीन ०.१ टक्के, डॉक्टरांनी लिहून दिलेलं; हे रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन एच्या कुळातलं औषध. मधल्या रात्री १५ टक्के अझेलेइक अ‍ॅसिडचं जेल. दोन्हींसोबत साधं मॉइश्चरायझर, सकाळी टिंटेड सनस्क्रीन. बास. नवे पिंपल येत राहिले तर नवे डागही येणारच, म्हणून आधी अ‍ॅडापलीन. त्याच कुळातल्या रेटिनॉलचं त्वचेत गेल्यावर आधी रेटिनाल आणि मग रेटिनॉइक अ‍ॅसिड व्हावं लागतं, तेव्हा कुठे ते कामाला लागतं. अ‍ॅडापलीन थेट पेशीतल्या रिसेप्टरवर काम करतं आणि याच कुळातल्या ट्रेटिनॉइनसारखं उजेडात लवकर विघटितही होत नाही.

अझेलेइकबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, याचं मला नवल वाटतं. मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमला ते आवर घालतं, पिंपलच्या जिवाणूंवर चालतं, सूजही उतरवतं. त्याचा रोख जादा काम करणाऱ्या रंगपेशींवर असतो, त्यामुळे डाग उतरतो पण मूळ रंग जागच्या जागी राहतो. मला तेवढंच हवंय. गोरं व्हायचं खूळ नाही. गरोदरपणात रेटिनॉइड बंद करावे लागतात, तेव्हाही डॉक्टर बहुधा हाच पर्याय देतात. सुरुवातीला खाज सुटते, मुंग्या आल्यासारखं होतं. मॉइश्चरायझर आधी लावलं की माझं भागतं. आणि टक्केवारीच्या मागे लागणाऱ्यांसाठी एक गंमत: २० टक्क्यांच्या क्रीमपेक्षा १५ टक्क्यांचं जेल त्वचेत जास्त मुरतं. नुसता आकडा बघून बाटली उचलणं सोडलं, ते हे कळल्यापासून.

व्हिटॅमिन सी बाद. औषध वाईट नाही, मुंबईची हवा त्याला मानवत नाही. एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड (म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी) त्वचेत शिरायला पीएच ३.५ च्या खाली लागतो, आणि हवा, उजेड, उष्णता तिन्हींशी त्याचं वैर. फेरुलिक अ‍ॅसिड आणि व्हिटॅमिन ई जोडीला असलं तर ते जास्त टिकतं, पण अशी सीरम खिशाला परवडत नाहीत. एकदा तपकिरी झालं की फेकायचंच.

नायसिनामाइडचं (व्हिटॅमिन बी३ चं एक रूप) वेगळं सीरमही काढून टाकलं. त्यावरचं बरंच संशोधन २ ते ५ टक्क्यांवर आहे आणि तेवढं माझ्या मॉइश्चरायझरमध्ये आहे.

लेबल वाचताना मी फिनॉक्सिइथेनॉल शोधते. युरोपच्या नियमाने हे प्रिझर्व्हेटिव्ह जास्तीत जास्त १ टक्का घालता येतं, आणि यादी उतरत्या प्रमाणाने असते. १ टक्क्याखालचे घटक कसेही मांडले तरी चालतात. म्हणजे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात मिरवणारा अर्क यादीत फिनॉक्सिइथेनॉलनंतर आला, तर तो चवीपुरताच. रेटिनॉल १ टक्क्याखालीही काम करतं, त्याला हा न्याय लावू नका.

सनस्क्रीन टिंटेडच का? आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबी या अतिनील किरणांपुरता असतो. दिसणारा प्रकाश अडवतात ते आयर्न ऑक्साइड, टिंटमधला रंग त्यांचाच.

एक तळटीप: औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या 'डागांच्या' ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. आठवड्यात चेहरा चकचकीत दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते आणि ट्यूब सोडवत नाही. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत टाकली, तरी चिठ्ठीशिवाय विकणारे आहेतच.

आता थंडी संपेपर्यंत अ‍ॅडापलीनच्या रात्री वाढवणार नाही, नाकाच्या कडा आधीच सोलवटतायत. गालावरच्या त्या दोन डागांपैकी एकाला राखाडी छटा आहे. रंगद्रव्य खालच्या थरात उतरलं असेल तर वरून लावलेलं तिथवर पोचणं कठीण. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो डर्मोस्कोपखाली (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) बघायला सांगेन. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (डागांवरचंच आणखी एक औषध) मागवायचं की नाही, ते त्यानंतर.