थ थडग्याचा, एक्स चेटकिणीचा

"चुकलं तरी दुरुस्त करू नका."

इथे जर्मनीत, लेकीच्या पहिलीच्या पालकसभेत बाईंनी हे इतक्या सहज सांगितलं, की माझंच जर्मन कमी पडलं असं वाटून मी शेजारच्या तुर्की बाईकडे पाहिलं. तिच्याही भुवया वर गेलेल्या. म्हणजे मी बरोबरच ऐकलं होतं. 'फाटर' म्हणजे वडील. मुलीने तो लिहिताना व्हीऐवजी एफ घातला तर घालू द्या. 'हुन्ट' म्हणजे कुत्रा. शेवटी डी हवा, पण कानाला टी ऐकू येतो, तर टी लिहू द्या. लाल पेन घेऊन बसू नका. आणि हो, ए-बी-सी-डी घरी घोकून घेऊ नका.

मी ज्या शाळेत शिकले तिथे शुद्धलेखनाची वही वेगळी असायची आणि चुकलेला शब्द पानभर लिहावा लागायचा. त्यामुळे माझ्या र्‍हस्व-दीर्घाला आजही कोणी बोट लावू शकत नाही. (हे वाक्य लिहून झाल्यावर मी वरचा मजकूर पुन्हा तपासला.)

पारा चढायला आधीचंही कारण होतं. इथल्या किटात, म्हणजे बालवाडीत, अक्षरं शिकवतच नाहीत. आमच्या राज्यात, म्हणजे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात, 30 सप्टेंबरपर्यंत ज्याला सहा पूर्ण होतात ते मूल त्या वर्षी पहिलीत जातं. तोवर चिखल, कात्री, डिंक आणि पाऊस असला तरी जंगलात भटकंती. तिकडे पुण्यात माझी भाची सीनियर केजीत. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर वहिनी तिच्या वहीची पानं उलटून दाखवणार आणि मी म्हणणार, "आमची काय, अजून झाडावरच आहे!" मग फोन ठेवून नवऱ्याशी भांडणार.

किटातली माणसं अगदीच हातावर हात ठेवून बसलेली नव्हती, हे मला हळूहळू कळलं. शाळेआधीच्या शेवटच्या वर्षात ती मुलांचे कान तयार करतात. 'बा-ना-ने' म्हणत प्रत्येक तुकड्याला टाळी द्यायची. यमक जुळवायचं. कुठल्या शब्दाच्या सुरुवातीला कोणता आवाज आहे ते ओळखायचं. कागद-पेन्सिल काही नाही. हे सांगताना तिथल्या ताईंच्या चेहऱ्यावर काहीतरी नवीन दाखवल्याचा भाव होता. मी मनात म्हटलं, अहो, आमच्याकडे 'अडगुलं मडगुलं' मूल बसायला लागायच्या आधी सुरू होतं! आणि खेळातून शिकवणं म्हणाल, तर ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे तिथून कोसबाडला नेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना त्यांची. माँटेसोरीबाईंकडून त्यांनी पुष्कळ घेतलं हे खरं, पण पाड्यावरचं अंगण काही इटलीतून आलं नव्हतं. हे सगळं मी ताईंना सांगितलं नाही. जर्मनमध्ये सांगता येईपर्यंत राग उतरतो.

आता त्या तक्त्याबद्दल. याच्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

शाळेच्या पहिल्या दिवशी इथे मुलाच्या हातात त्याच्याएवढा पुठ्ठ्याचा शंकू देतात, खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन होतं तसाच कौतुकाचा दिवस. त्याच आठवड्यात लेकीच्या दप्तरातून एक गुळगुळीत कागद घरी आला. आनलाउटटाबेले. पहिल्या आवाजांचा तक्ता. आमचा कमानीच्या आकाराचा आहे. एका खांबावरून चित्रं चढत जातात, कमानीवरून दुसऱ्या खांबावर उतरतात, आणि प्रत्येक चित्राशेजारी त्याचं अक्षर. आफे म्हणजे माकड, ते ए साठी. एझेल म्हणजे गाढव, ते ई साठी. आय साठी इगेल, म्हणजे तो काटेरी गोळा, जो इथे संध्याकाळी खरोखरच बागेत दिसतो.

वरवर पाहिलं तर आपली अंकलिपीच. पण ती वाचायची उलट्या बाजूने. आपण अक्षरावरून चित्राकडे जातो: क कमळाचा. ही मुलं शब्दावरून अक्षराकडे येतात. शब्द तोंडातल्या तोंडात ताणून म्हणायचा, पहिला आवाज पकडायचा, तो कुठल्या चित्राच्या सुरुवातीला येतो ते कमानीत शोधायचं आणि तिथलं अक्षर उतरवायचं. मग पुढचा आवाज. म्हणजे एकही अक्षर पाठ नसताना मूल पहिल्याच महिन्यात स्वतःला हवं ते लिहू शकतं. 'गवत', 'नळ' असलं पुस्तकातलं नाही, तर 'मला भूक लागली', 'दादा वाईट आहे' वगैरे निकडीचं.

शिवाय तक्ता वर्णमालेशी इमान राखत नाही, आवाजाशी राखतो. तीन अक्षरं मिळून होणाऱ्या 'श'ला स्वतंत्र घर आणि स्वतंत्र मेंढी, कारण मेंढी म्हणजे शाफ. 'ऑय' या जोडस्वराला घुबड. आणि एक्सने सुरू होणारे, मुलांच्या ओळखीचे शब्द फारच थोडे, म्हणून तिथे सरळ चेटकीण बसवली आहे. हेक्से, म्हणजे एक्स मधोमध. मी खो खो हसले. ण बाणाचा, ळ बाळाचा! शब्दाच्या सुरुवातीला सहसा न येणाऱ्या अक्षराचं काय करायचं, या पेचातून पुण्याचा आणि जर्मनीचा तक्तावाला एकाच चोरवाटेने निसटला आहे.

लेक तर त्या कमानीच्या प्रेमातच पडली. घरभर चिठ्ठ्या. फ्रिजवर, बुटात, माझ्या लॅपटॉपवर. मराठी शब्दही ती त्याच तक्त्यावरून लिहायला लागली आणि तिथे खरी गंमत झाली. 'आई'ला दोनच अक्षरं लागली, ए आणि आय. नवऱ्याने कौतुकाने ती चिठ्ठी ऑफिसात टेबलावर लावली, तर लोक भलतंच समजले. 'आजी' मात्र महागात पडली. जर्मनमध्ये जे या अक्षराचा उच्चार 'य', मग 'ज' कुठून आणायचा? डी, एस, सी, एच अशी चार अक्षरं एकामागून एक लावून. ए-डी-एस-सी-एच-आय. सासूबाईंनी फोनवर चष्मा लावून ते वाचायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "हे कुठलं गाव गं?"

बाईंचं दुसरं म्हणणं मात्र मला पटलं. अक्षराचं नाव सांगू नका, आवाज सांगा. 'एम' नव्हे, तर ओठ मिटून नुसता 'म्'. तो कसा काढायचा हे इतर पालकांना त्या पुन्हा पुन्हा समजावत होत्या. मला समजवावं लागलं नाही. पाय मोडका म! आपल्याकडे नाव आणि आवाज एकच, फक्त त्याला चिकटलेला 'अ' तेवढा झटकायचा. त्या संध्याकाळी सभेत मी पहिल्यांदाच ताठ बसले.

तेवढ्यात सासूबाईंनी पाठवलेल्या पार्सलमध्ये भाजणी, मेतकूट आणि अंकलिपी आली. नवरा ती चाळत म्हणाला, "खटारा, ऐरण, उखळ, थडगं. हे कोणत्या शतकातलं मूल आहे?" हल्ली हे म्हणायची फॅशनच आहे, आणि इतक्या जणांनी म्हटलंय की मीही म्हणायचे. पण स्वयंपाकघराच्या दारावर लावायला आमचा नवा तक्ता बनवायला घेतला, लेकीच्या रोजच्या वस्तूंचे फोटो चिकटवून, आणि मग त्या जुन्या तक्तेवाल्याबद्दल आदर वाटायला लागला.

करून बघा. ख साठी खटारा जुना झाला, मग काय घ्याल? खिडकी? त्यात वेलांटी आली. खुर्ची? उकार, वर रफार. खेळणं? मात्रा. ज्या मुलाला नुसता ख ओळखायचा आहे त्याच्यापुढे काना-मात्रा नसलेला ख हवा. म्हणून कमळ, गवत, घर, छत्री, जहाज, टरबूज, ढग, पतंग, फणस, बदक. पहिलं अक्षर पहा, एकालाही काही लटकलेलं नाही. त्या माणसाने (बाई असेल तर त्या बाईने) किती शब्द बाजूला सारले असतील! थ ला तर पर्यायच नाहीत. थाळी, थेंब, थैली सगळे बाद. थंडीवर अनुस्वार आणि शिवाय तिचं चित्र काय काढणार? थवा चालला असता, पण मूल चित्र बघून 'पक्षी' म्हणणार. उरलं थडगं. जर्मन तक्त्याला ही कटकट नाही, तिथे व्यंजन आणि स्वर शेजारी शेजारी सुटे उभे असतात. आपल्याकडे स्वर व्यंजनाच्या डोक्यावर, पायाशी, पुढे-मागे कुठेही बसतो. त्यामुळे आपल्या तक्त्यानंतर बाराखडी लागतेच, आणि ती कुठल्याही कमानीत मावत नाही.

म्हणून मी दोन्ही तक्ते ठेवले. पण "दुरुस्त करू नका" मात्र घशाखाली उतरेना. शोधाशोध केली तर कळलं की याच मुद्द्यावर जर्मन लोक आपापसात वर्षानुवर्षं भांडताहेत. लिहिण्यातून वाचायला शिकायची ही पद्धत युर्गेन रायशेन या स्विस शिक्षकाची. तिच्या मूळ स्वरूपात सुरुवातीला चुका दुरुस्त करायच्याच नाहीत. इथून जवळच्या बॉन विद्यापीठाने आमच्याच राज्यातल्या 3000हून अधिक मुलांचा अभ्यास करून 2018 साली निष्कर्ष मांडले: चौथीच्या अखेरीस या पद्धतीच्या मुलांच्या शुद्धलेखनाच्या चुका, फीबेलवरून, म्हणजे साध्या क्रमिक पुस्तकावरून शिकलेल्यांपेक्षा सरासरी 55 टक्क्यांनी जास्त. हॅम्बुर्ग, बाडेन-व्युर्टेम्बर्ग, ब्रांडेनबुर्ग या राज्यांनी ही पद्धत शाळांतून हद्दपार केली.

त्या रात्री मी फार आनंदात होते हे मान्य करते. लाल पेन जिंकलं होतं.

बाईंना हे जरा गोड शब्दांत विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे फीबेलही आहे आणि तक्ताही. दुसरीत दुरुस्ती सुरू होते. फक्त पहिले काही महिने सोडा, कारण चुकायची भीती बसलेलं मूल येतात तेवढेच छोटे शब्द लिहितं. माझी भाची अजून वहीतलेच शब्द लिहिते, हे मला तेव्हा आठवलं, पण वहिनी हे वाचते, म्हणून इथेच थांबते. तिचं अक्षर फार सुरेख आहे.

तर सध्या आमच्याकडे तह असा: जर्मन चिठ्ठ्यांना मी हात लावत नाही, 'फाटर' एफने लिहिलेला असला तरी. मराठीत मात्र चुकलं की सांगते, तेही पेन्सिलने. मराठीसाठी तिला दुसरीत कोणी बाई भेटणार नाहीत, माझ्याशिवाय आहे कोण?

दारावरचा तक्ता बराचसा भरला आहे. ड ला डबा जुनाच ठेवला, र ला रस, व ला वडा. थ ची चौकट रिकामी आहे. लेकीने तिथे थर्मास सुचवला होता, पण रफारामुळे मी नाकारला आणि ती रुसली. तुम्हाला काही सुचत असेल तर कळवा. अट एकच: थ ला काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार नको, शब्दात रफार नको आणि फोटो काढता आला पाहिजे.