मी आलो

येत्या गुरुवारी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. डेक्कन कॉलेजात मराठीच्या बोलींवर व्याख्यान आहे. मागच्या खेपेला कोथरूडहून रिक्षा केली, नुसतं 'डेक्कन कॉलेज' म्हटलं, तर रिक्षावाल्या काकांनी गुडलक चौकात आणून सोडलं! डेक्कन कॉलेज डेक्कनला नाही, नदीपलीकडे येरवड्याला आहे, हे अस्सल पुणेकरालाही सांगावं लागतं. मी तर कागलची.

आणि कागलची म्हणूनच चाललेय. १९९४ साली पुण्यात वसतिगृहावर पहिल्याच रात्री मी म्हटलं, "मी जेवून आलो." खोलीतल्या तिघी खो खो हसल्या. "आलो? तू काय मुलगा आहेस?" आमच्या कोल्हापूरकडे बायका सर्रास 'मी आलो, मी जातो' म्हणतात. आजी म्हणायची, आई अजून म्हणते. मी मात्र आठवड्याभरात 'आले, जाते'वर आले. तिखट चटणीचा डबा तेवढा सोडला नाही.

पुढे कळलं, हे चुकीचं बोलणं नव्हे; अभ्यासाचा विषय आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून बोलींचं सर्वेक्षण केलंय. गावोगावच्या लोकांचं बोलणं रेकॉर्ड केलंय, नात्यांचे शब्द, क्रियापदांची रूपं नकाशावर मांडलीत.

त्याआधी इंग्रजांच्या काळात ग्रिअर्सन या अधिकाऱ्यानं भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण केलं होतं; त्यातला सातवा खंड मराठीचा, १९०५ सालचा. त्यानं नमुन्यासाठी बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट जागोजागच्या बोलींत उतरवून घेतली. बाप, दोन मुलगे, नोकर. त्या गोष्टीत एकही बाई तोंड उघडत नाही! मग आजीचं 'मी आलो' त्यात सापडणार कुठून?

गुरुवारी मला एकच विचारायचंय. ऑफिसात मी 'येते' म्हणते, आईच्या फोनवर आपसूक 'येतो' होतं. माझ्यासारखीचं बोलणं नोंदवायचं झालं तर कुठलं खरं धरणार? नकाशात मला ठेवणार कुठं, कागलला की कोथरूडला?

काल आईला सांगितलं, "बोलींवरचं भाषण ऐकाय चाललोय."

"आपलंच बोलणं ऐकाय येरवड्यापतोर कशाला जातीस?" आई म्हणाली. "हितं ये की."