डोमेन प्रायोजकाच्या नावावर, वेबसाइट संस्थेच्या हातात

पुण्यातल्या एका ट्रेकिंग साहित्याच्या दुकानदारांचा सकाळीच फोन आला. त्यांनी एका गिर्यारोहण संस्थेच्या वेबसाइटचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा तिचा नावाचा पत्ता, प्रायोजित केलं होतं. दरवर्षीचे पैसे ते भरायचे आणि बदल्यात वेबसाइटच्या प्रत्येक पानावर त्यांच्या दुकानाची जाहिरातपट्टी असायची. आता ती वेबसाइट उघडत नव्हती, संस्थेला पाठवलेले ईमेल परत येत होते, आणि एका बँकेच्या वकिलांचं पत्र संस्थेला न जाता थेट दुकानदारांना आलं होतं. संस्थेच्या वेबसाइटवर त्या बँकेचं खोटं केवायसी पान सापडलं होतं.

डोमेनची नोंदणी आणि त्यावरच्या तक्रारी हे आमचं रोजचं काम. अशा वेळी मी आधी वेबसाइटकडे नाही, नोंदणीकडे बघतो. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारी जुनी हूइज सेवा डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी चालू ठेवण्याचं बंधन 28 जानेवारी 2025 पासून उरलेलं नाही, ही माहिती आता आरडॅप या नव्या सेवेवर मिळते. तिथे दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. डोमेनची स्थिती ‘क्लायंट होल्ड’ होती, म्हणजे रजिस्ट्रारने (डोमेन विकून त्याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीने) ते डॉट कॉमच्या मुख्य यादीतून बाहेर काढलं होतं. वेबसाइट आणि ईमेल दोन्ही एकदम का गेले, ते यातून कळलं. आणि रजिस्ट्रंटच्या, म्हणजे डोमेनधारकाच्या, नोंदीत ‘ऑर्गनायझेशन’ असा जो रकाना असतो, त्यात दुकानाचं नाव होतं. व्यक्तीचं नाव हल्ली बहुधा झाकलेलं असतं, पण हा रकाना बऱ्याचदा उघडा राहतो. वकील तिथूनच दुकानापर्यंत पोहोचले.

संस्थेचे एक पदाधिकारी मात्र फोनवर ठामपणे सांगत होते की त्यांच्याकडे वेबसाइट व्यवस्थित दिसते. तेही खरंच होतं. डॉट कॉमच्या यादीतली नेमसर्व्हरची (वेबसाइट कुठे शोधायची ते सांगणाऱ्या सर्व्हरची) नोंद 172800 सेकंद, म्हणजे दोन दिवस, वाटेतल्या सर्व्हरांच्या साठ्यात राहू शकते. होल्ड लागल्यावर एकाला वेबसाइट दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, असा काळ येतोच. त्यावरून वाद घालण्यात वेळ जातो.

रजिस्ट्रारची यात चूक नव्हती. फिशिंग (खोट्या पानावरून माहिती चोरणं), मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) अशा प्रकारांचा पुरेसा पुरावा आला की रजिस्ट्रारने त्वरित पावलं उचलावीत, असं बंधन आयकॅन या डोमेन व्यवस्था सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करारात 5 एप्रिल 2024 पासून आहे. आधी सूचनाही गेली होती, पण नोंदणीच्या वेळी दिलेल्या जुन्या ईमेलवर. तो पत्ता दुकानात कोणी उघडत नव्हतं.

खरी अडचण पुढे होती. खोटं पान काढायचं तर होस्टिंगचं, म्हणजे वेबसाइटच्या फाइली जिथे असतात त्या सेवेचं, लॉगिन हवं. ते संस्थेच्या एका जुन्या स्वयंसेवकाकडे. दुकानदारांकडे फक्त डोमेन. जबाबदारी ज्याच्या नावावर, त्याच्या हातात वेबसाइट नाही आणि जो वेबसाइट चालवतो त्याचं नाव कुठे नाही. डोमेन प्रायोजित करणाऱ्या दहा जणांतले बहुतेक जण नकळत याच जागी उभे असतात, कारण व्यवहार ओळखीतून झालेला असतो. “पैसे मी भरतो, मग नाव माझं नको का?” असं दुकानदारांनी मला विचारलं. प्रश्न साधा आणि रास्त आहे, पण उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असंच आहे.

आयकॅनच्या 2013 च्या रजिस्ट्रार करारात 3.7.7.3 हे कलम आहे, आणि ते रजिस्ट्रंटशी होणाऱ्या करारातही उतरतं. तुम्ही डोमेन स्वतःच्या नावावर ठेवून दुसऱ्याला वापरायला दिलं, तरी नोंदीनुसार धारक तुम्हीच. त्या वापरातून कोणाचं नुकसान झालं तर जबाबदारी तुमच्यावर येते. त्यातून सुटायची वाट एकच. समोरच्याने नुकसानीचा रास्त पुरावा दिला की 7 दिवसांच्या आत प्रत्यक्ष वापरणाऱ्याची ओळख आणि त्याने दिलेला सध्याचा संपर्क उघड करायचा. घर भाड्याने देताना भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवतात, त्यामागचा विचार हाच आहे. म्हणून वापराच्या परवानगीचं पत्र आणि चालू फोन, पत्ता, ईमेल हे आधीच फाइलमध्ये असायला हवं. नोटीस आल्यावर शोधायला निघालं तर 7 दिवस पुरत नाहीत.

इथे पत्र नव्हतं. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं होतं आणि पैसे भरल्याच्या पावत्या होत्या. ते संभाषण तारखांसह एक्स्पोर्ट करून घेतलं, पावत्या जोडल्या, आणि संस्थेच्या सचिवांकडून ‘वेबसाइट अमुक तारखेपासून आम्ही चालवतो’ असं सहीचं पत्र त्याच दिवशी घेतलं. वकिलांना मुदतीत उत्तर गेलं.

दरम्यान स्वयंसेवक सापडला. त्याला पहिली सूचना दिली ती काहीही न पुसण्याची. आधी खोट्या पानाचा पूर्ण पत्ता आणि स्क्रीनशॉट, मग फाइल तयार झाल्याची वेळ, सर्व्हरची अॅक्सेस लॉग (कोणी कधी काय उघडलं याची नोंद), डेटाबेसची प्रत. फाइल चित्रं चढवायच्या फोल्डरमध्ये होती. ज्या फोल्डरमध्ये फक्त फोटो असायचे, तिथे पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवरचा प्रोग्राम, चालू शकत होती. बरेच दिवस अपडेट न केलेल्या प्लगइनमधून (वेबसाइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममधून) ती आत आली होती. नुसती ती फाइल काढून भागत नाही. अनोळखी अॅडमिन खाती, ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं, थीमच्या फाइलींत घुसवलेला मजकूर हे सगळं तपासावं लागतं, पासवर्ड बदलावे लागतात आणि त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणं बंद करावं लागतं. रजिस्ट्रारला ‘साफ केलं आहे’ एवढंच लिहिलं तर ते पुरावा मागतात. काय सापडलं, कुठून आलं, काय बंद केलं हे तीन परिच्छेदांत लिहून पाठवल्यावर होल्ड निघाला.

त्यानंतर मूळ व्यवस्था बदलली. माझं मत पक्कं आहे: डोमेन संस्थेच्याच नावावर असावं आणि प्रायोजकाने फक्त बिल भरावं. जाहिरातीचा हक्क करारातून मिळवावा, डोमेन अडवून नव्हे. अडवण्यात कायद्याचा धोकाही आहे. डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात म्हटलं आहे. संस्थेने वर्षानुवर्षं कमावलेलं नाव प्रायोजकाने धरून ठेवलं, तर दावा त्याच्यावरच उलटू शकतो. उलट बाजूने, संस्थेने पट्टी काढून टाकली म्हणून प्रायोजकाला यूडीआरपी या डोमेनच्या वादांसाठीच्या प्रक्रियेखाली किंवा डॉट इनसाठीच्या आयएनडीआरपीखाली दाद मिळेल असं समजू नये. त्या प्रक्रिया व्यापारचिन्हाच्या गैरवापरासाठी आहेत, जाहिरातीच्या करारभंगासाठी नाहीत. अपवाद एकच: डोमेनमध्ये तुमच्याच दुकानाचं किंवा ब्रँडचं नाव असेल, तर ते कधीही दुसऱ्याच्या नावावर करू नका.

नाव बदलताना पाहायच्या गोष्टी आहेत. बरेच ट्रेकिंग गट आणि मंडळं नोंदणीकृत नसतात. धर्मादाय आयुक्तांकडच्या प्रमाणपत्रावर जे नाव आहे, तेच अक्षरशः रजिस्ट्रंटच्या रकान्यात लिहावं. प्रमाणपत्र नसेल तर जबाबदार व्यक्तीचं नाव लिहून करारावर सहीही त्याच व्यक्तीची घ्यावी. रजिस्ट्रंटचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की जुन्या आणि नव्या दोघांची संमती लागते, आणि त्यानंतर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवण्यावर 60 दिवसांची बंदी येऊ शकते. त्यामुळे एकाच रजिस्ट्रारकडे खात्यातून खात्यात ढकलणं सोपं जातं. नव्या ईमेलची पडताळणी 15 दिवसांत केली नाही तर डोमेन पुन्हा बंद पडू शकतं. आणि हा ईमेल त्याच डोमेनवरचा कधीही नसावा. डोमेन बंद पडलं की ते चालू करायच्या सूचनाही त्याच बंद पेटीत जातात. या दुकानदारांनी आणखी एक धोका पत्करला होता: संस्थेचं डोमेन आणि स्वतःच्या दुकानाचं डोमेन एकाच खात्यात. त्यांचा पासवर्ड संस्थेतल्या दोघांना माहीत होता. वेगळं खातं आणि दोन टप्प्यांचं लॉगिन आम्ही त्याच दिवशी करून घेतलं.

पैसे प्रायोजकाने भरायचे म्हटलं की सगळ्यात जास्त घोळ नूतनीकरणात होतो. ‘ऑटो रिन्यू चालू आहे’ यावर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या कार्ड पेमेंटचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून कडक झाले, आणि परदेशी रजिस्ट्रारांकडे भारतीय कार्डावरून होणारी कपात अनेकदा नाकारली जाते. मुदतीच्या महिनाभर आधी स्वतः पैसे भरावेत. मुदत संपल्यावर डॉट कॉमला 45 दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असतो, पण तो रजिस्ट्रारच्या मर्जीचा. मग 30 दिवस सोडवणुकीचे, ज्यात नेहमीच्या दराच्या कितीतरी पट पैसे जातात. शेवटचे 5 दिवस काहीच करता येत नाही. त्यानंतर ते डोमेन जो घेईल त्याला तुमच्या नावे येणारे ईमेलही मिळतात. प्रायोजक असाल तर तुमचं नाव झळकणाऱ्या पानाच्या जागी जुगाराची जाहिरात येते.

जाहिरातीचं काय मिळणार तेही मोजून लिहावं. ‘प्रत्येक पानावर पट्टी’ पुरेसं नाही. आम्ही लिहिलं ते असं: संगणकावर 728 बाय 90, मोबाइलवर 320 बाय 50, पान उघडताच स्क्रोल न करता दिसेल अशी जागा, शेजारी दुसऱ्या ट्रेकिंग दुकानाची जाहिरात नाही. पट्टीच्या लिंकला दुकानाने स्वतः दिलेला मागोवा घेणारा जोड लावायचा, म्हणजे किती लोक तिथून आले ते दुकानाला स्वतःच्या आकडेवारीत दिसतं, संस्थेला विचारावं लागत नाही. लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण हवीच. वस्तू किंवा सेवेच्या बदल्यात मिळालेली लिंक खुणेशिवाय ठेवणं गूगल लिंक स्पॅममध्ये धरतं, आणि त्याचा फटका दुकानाच्या वेबसाइटलाही बसू शकतो. वेबसाइटवर फसवणुकीचा किंवा बेकायदा मजकूर आढळला तर 48 तासांत दुकानाचा लोगो काढायचा, आणि प्रायोजन संपलं की लोगो वापरायची परवानगीही संपली.

हिशेबाची बाजू सीएकडून तपासून घ्यावी. जीएसटी कायद्याच्या कलम 7 मध्ये अदलाबदलीचा व्यवहारही पुरवठ्यात मोडतो, आणि मोबदला म्हणून जाहिरात घेतली असेल तर तो खर्च देणगी म्हणून दाखवता येत नाही.

करारात संस्थेच्या आग्रहाने एक कलम वाढलं आणि ते मला योग्य वाटलं. पुढच्या वर्षी प्रायोजन चालू ठेवायचं नसेल तर दुकानदाराने डोमेनच्या मुदतीच्या 60 दिवस आधी लेखी कळवायचं, म्हणजे संस्थेला नवा प्रायोजक शोधायला किंवा स्वतः पैसे जमवायला वेळ मिळतो. दुकानदारांनी त्यात स्वतःची अट घातली: त्या 60 दिवसांतही पट्टी ठरल्या जागीच राहील. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून सह्या झाल्या.